हजेरीपट आणि खतावणी

महाराष्ट्रातील नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या खतावणीत वर्षातून एकदा एक लहानशी नोंद पडते : व्यवसाय कर, रुपये २,५००. नोकरदाराच्या पगारातून हीच रक्कम दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० अशी कापली जाते. विक्रीकर गेला, व्हॅट आला. व्हॅट गेला, जीएसटी आला. ही नोंद मात्र जागची हलली नाही. रक्कम इतकी किरकोळ की तिच्याविषयी कुणी विचारीत नाही. दुकानात बाप आणि मुलगा एकाच गादीवर बसत असतील, तर कदाचित बापाला तिचे मूळ ठाऊक असेल. १९७५ साली हा कर लागू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी. खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याला शासनाने काम द्यावे आणि त्या कामाची मजुरी भागविण्यासाठी व्यापारी, वकील, डॉक्टर, नोकरदार यांनी आपल्या मिळकतीतून थोडे द्यावे, असा तो व्यवहार होता.

या व्यवहाराविषयी पेठेत आजही दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, सरकार आयते देऊ लागले की माणूस कष्टाला पाठ दाखवतो, मजूर मिळेनासा होतो, आणि जो कमावतो त्याच्यावर कराचा बोजा चढत जातो. हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जी घराणी मारवाड-गुजरातेतून तांब्या-लोटा घेऊन आली किंवा दक्षिण महाराष्ट्रात शेती सांभाळून व्यापारात उतरली, त्यांनी काटकसरीवरच सारे उभे केले आहे. भांडवल एकदा उडाले की परत येत नाही, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. दुसरे मत असे की, उपाशी गिऱ्हाइकाच्या गावात कुठलाच धंदा चालत नाही.

उदार हाताने बांधलेले सुरक्षा-जाळे देशाची अर्थव्यवस्था पोसते की पोखरते, या प्रश्नावर जगभर वाद चालू आहे आणि त्यात स्वीडन-डेन्मार्कची उदाहरणे हटकून येतात. परंतु ज्या प्रदेशाने पन्नास वर्षांपूर्वी कामाचा हक्क कायद्यात लिहिला, त्याच्याजवळ स्वतःचा जमाखर्च आहे. तो उलगडून पाहिला म्हणजे वरच्या दोन्ही मतांतले बरेचसे बळ आणि बरेचसे पोकळपणही दिसते.

हा जमाखर्च १९७२ पासून मांडला तर अपुरा राहील. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आठवडी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव गुजर आणि मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात नोंदलेल्या त्या उठावात माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर भर होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच घडले. कापसाचे भाव पडलेले, सारा वाढलेला, हाती पैसा नाही आणि उभ्या प्रदेशात उसनवारीचे एकच दार : सावकाराचे. ते दार बंद झाले तेव्हा लोक खतावण्यांवरच तुटून पडले. सावकारीत अन्याय होता हे नाकारण्यात अर्थ नाही. सरकारी चौकशीतही तो नमूद झाला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. परंतु त्या दंग्यांचा आणखी एक अर्थ व्यापारी घराण्यांनी ध्यानात घ्यावा असा आहे. संकटात माणसाला धरून ठेवणारी दुसरी कुठलीच व्यवस्था नसेल, तर तो सगळा भार उधारीच्या वहीवर येतो, आणि वही तो पेलू शकत नाही.

पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, पाऊस दगा देऊन गेला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत महादुष्काळ पडला. तेव्हाच्या सरकारला भीती उपासमारीची होती, पण त्याहून अधिक भीती उधळपट्टीची होती. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याची कहाणी या बाबतीत मोठी विलक्षण आहे. १८७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला असता त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, लोक वाचवले, आणि खर्च फार केला म्हणून सरकारदरबारी टीका ओढवून घेतली. तीच व्यक्ती १८७७ च्या आरंभी दख्खनेत आली ती काटकसरीचा वसा घेऊनच. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला पौंडभर धान्य पुरते, असे तिने ठरवले. काम गावापासून लांब ठेवावे, म्हणजे खरा गरजूच तेवढे अंतर तुडवीत येईल, हीही तेव्हाचीच युक्ती. मजुरी कमी केल्यावर हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. लोक आळशी होतील या धास्तीने आखडता घेतलेला हात किती महाग पडला, याचे उत्तर त्या दुष्काळाच्या मृत्युसंख्येत आहे : ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक.

आता १९७२. लागोपाठ दोन-तीन वर्षे पाऊस अपुरा झाला होता आणि त्या वर्षी तर पिके जवळजवळ हातची गेली. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांच्या बोलण्यात दोन शब्द हमखास येतात : मिलो आणि सुकडी. अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी आणि कामावर वाटला जाणारा तो पौष्टिक भुगा. परंतु त्या वर्षी माणसे तगली ती मुख्यतः मजुरीवर. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि सर्वांत जास्त करून खडी फोडण्याची केंद्रे. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर भरली होती. म्हणजे लहान मुले, म्हातारी माणसे आणि मुंबईसुद्धा धरून राज्यातला दर दहावा माणूस हजेरीपटावर होता. जमीनदार घरांतल्या बायकाही तोंडावर पदर घेऊन हातोडा उचलीत होत्या.

अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेज यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या विवेचनातील एक मुद्दा व्यापाऱ्यांच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा आहे. रेशन दुकानांतून मिळणारे धान्य गरजेच्या मानाने अपुरे होते. आंतरराज्य धान्य-व्यापारावर निर्बंध होते. त्यातच एप्रिल १९७३ मध्ये केंद्राने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला (तो प्रयोग वर्षभरात सोडून द्यावा लागला, हे वेगळे). असे असूनही दुष्काळी जिल्ह्यांत धान्य पोहोचत राहिले, कारण तिथल्या मजुरांच्या हातात रोख पैसा होता. जिथे पैसा आहे तिथे माल वाट काढतो. नाक्यांवरून, आडवाटांनी, कधी नियम वाकवून तो येत राहिला. या चोरट्या वाहतुकीचे समर्थन करण्याचे कारण नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम स्पष्टपणे सांगितला आहे. पण अर्थशास्त्राचा नियम मात्र यातून लख्ख दिसतो. १८७७ मध्येही रेल्वे होती आणि व्यापारीही होते. तरी धान्य त्याच जिल्ह्यांतून बाहेर जात होते, कारण तिथल्या लोकांजवळ ते विकत घेण्याची ऐपत उरलेली नव्हती. १९७३ मध्ये मजुरी वाटली गेली आणि बाजार आपोआप दुष्काळग्रस्तांच्या दिशेने वळला. अमर्त्य सेन यांनी पुढे ज्याला अन्नावरील हक्कदारी म्हटले, ती हीच.

त्या वर्षी खडीकेंद्राजवळच्या गावांत किराणा दुकाने चालू राहिली. मजुरीच्या दिवशी ज्वारी, मिरची, गोडेतेल, चहाची पुडी, लुगडे यांवर तो पैसा खर्च होत होता आणि दुकानदाराकडून अडत्याकडे, अडत्याकडून गिरणीकडे जात होता. गरिबाच्या हातातला रुपया साठून राहत नाही, त्याला तेवढी उसंतच नसते. उधारी तुंबली, धंदे मंदावले, काही घरे खचलीही. परंतु १८७५ सारखा वह्यांचा वणवा पेटला नाही.

दुष्काळ सरला की अशी कामे बंद होतात आणि माणसे विसरतात, हा नेहमीचा परिपाठ. महाराष्ट्रात तसे झाले नाही याचे श्रेय वि. स. पागे यांना जाते. विधान परिषदेचे ते दीर्घकाळ सभापती, सांगली जिल्ह्याचे, गांधीविचारांचे, संतवाङ्मयात रमणारे. तासगाव भागात १९६५ च्या सुमारास त्यांनी प्रयोग करून पाहिला होता : मागेल त्याला काम द्यायचे आणि त्या श्रमातून गावाची जमीन-पाणी सुधारायचे. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती कल्पना उचलून धरली. १९७२ मध्ये योजना आली. १९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. राजकारणात एकमत किती दुर्मीळ असते हे जाणणाऱ्याला या घटनेचे मोल वेगळे सांगायला नको. शेतमालकांना रस्ते, विहिरी, बांध हवे होते, शहरांना खेड्यांतून येणारे लोंढे थोपवायचे होते, आणि डाव्यांना मजुरांचा हक्क हवा होता. तिघांचे हिशेब एकाच कागदावर जुळले.

कायद्याची रचना व्यापारी मनाला पटण्यासारखी होती. प्रौढ माणसाने काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यायचे. देता आले नाही तर बेकारी भत्ता. काम अंगमेहनतीचे, मजुरी मोजमापावर, पुरुष आणि स्त्री यांना दर एकच. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लहान मुलांसाठी पाळणाघर. लाभार्थी निवडण्यासाठी दाखले नाहीत, उत्पन्नाची चौकशी नाही, पुढाऱ्याची चिठ्ठी नाही. मे महिन्याच्या उन्हात माती उपसायला सधन माणूस येत नाही. गरज असेल तोच येतो आणि गरज सरली की निघून जातो. काम हीच परीक्षा. पागे यांच्या योजनेतील ही कल्पकता पुढे जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी वाखाणली. टेंपलच्या काळी परीक्षा होती ती पोट रिकामे ठेवण्याची. इथे ती घामाची होती आणि तिच्या बदल्यात पोटभर मजुरी होती.

जैन परंपरेत दानाचा विचार इतका सूक्ष्म आहे की हा फरक श्रावकाच्या लगेच ध्यानात यावा. आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती असे दत्तीचे चार प्रकार सांगितले आहेत. दुःखितावर अनुकंपेने केलेले दान ते दयादत्ती. दुष्काळात व्यापारी घराण्यांनी उघडलेली अन्नछत्रे, गुरांसाठी चालवलेल्या पांजरापोळी आणि छावण्या या सगळ्यांचे मूळ तिथे आहे. कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडू शाहाने विक्रम संवत १३१३ ते १३१५ च्या दुष्काळात आपली कोठारे खुली केली, ही कथा सर्वानंदसूरींच्या जगडूचरितामुळे घराघरांत पोहोचली. त्या कथेत एक हळवा तपशील येतो. जे कुलीन लोक हात पसरायला लाजत, त्यांच्यासाठी जगडू लाडवांत सोन्याचे नाणे लपवून देत असे. त्या लाडवांना लज्जापिंड म्हणत. घेणाऱ्याची मान खाली जाते हे त्या दानशूराला कळत होते आणि त्याने आपल्या परीने उपाय शोधला होता. पण जगडू शतकातून एखादाच जन्मतो, आणि प्रत्येक तालुक्यात जन्मत नाही. पन्नास लाख माणसांना लज्जापिंड देता येत नाहीत. हजेरीपटावर अंगठा उठवून घेतलेल्या मजुरीत लाज नसते. तिथे दाता आणि याचक हे नातेच उरत नाही.

आणखी एक धागा आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत : आश्रिताच्या अंगावर त्याला न पेलणारे ओझे लादणे आणि त्याचे खाणेपिणे रोखणे. प्रवचनांत ते बहुधा बैल आणि घोडे यांच्या संदर्भात समजावले जातात. मार्च ते मे या बिनकामाच्या दिवसांत निम्म्या मजुरीवर राबण्यावाचून गत्यंतर नसलेल्या माणसाला ते लागू होत नाहीत असे म्हणणे अवघड आहे.

इथपर्यंतचा हिशेब जमेचा. नावेची बाजूही तितकीच खरी आहे आणि ती लांबलचक आहे.

बनावट हजेरीपट हा पहिला रोग. कागदोपत्री शंभर मजूर, जागेवर चाळीस. एकच तलाव दोन खात्यांच्या दप्तरी दोनदा खोदलेला. पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते तर गावोगावच्या विनोदाचा विषय झाले. दुसरा धक्का १९८८ मध्ये बसला. राज्यातील किमान वेतन त्या वर्षी दुप्पट झाले आणि योजनेची मजुरीही त्याबरोबर वाढली. मजुरांच्या बाजूने पाहता हे न्याय्यच होते. परंतु मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी आकडे तपासले तेव्हा दिसले की, त्यानंतर मागेल त्याला काम मिळेनासे झाले. दर वाढला, पण थैली तेवढी सैल झाली नाही. मग अधिकाऱ्यांनी कामे उघडणेच टाळले. हमी कायद्यात राहिली, शेतावर पातळ झाली. उदारपणाने योजनेचे नुकसान केले असे म्हणायचेच असेल तर ते या प्रसंगापुरते म्हणता येईल : दराचा उदारपणा होता, तरतुदीचा नव्हता. व्यापारात याला उंची भाव लावून माल न ठेवणे म्हणतात.

तिसरी गोष्ट व्यवसाय कर भरणाऱ्याला अधिक झोंबावी. कर आणि अन्य अधिभारांतून रोजगार हमीसाठी जमा होणारी रक्कम आणि योजनेवर प्रत्यक्ष होणारा खर्च यांत पुढे वर्षानुवर्षे तफावत पडत गेली. कर एका नावाने गोळा व्हायचा आणि त्यातला मोठा भाग त्या कामी लागतच नसे. पेठेतली तक्रार नेहमी अशी असते की, गरिबांवर फार खर्च होतो. या निधीच्या बाबतीत तक्रार उलटी असायला हवी होती. शिवाय बोजा चढत जातो हे गाऱ्हाणेही या करापुरते टिकत नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार असलेली वर्षाला २५० रुपयांची मर्यादा १९८८ मध्ये २,५०० झाली आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. १९८८ चे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार यांतला फरक सोन्याचा भाव ठाऊक असलेल्याला सांगावा लागत नाही.

मग मजूर मिळत नाही, या तक्रारीचे काय? तिच्यात तथ्य आहे. हमीचे काम असेल तर मजूर पडेल त्या दराने राबत नाही, शेतमालकाला चार पैसे जास्त मोजावे लागतात. संसदेने २००५ मध्ये महाराष्ट्राचाच धडा गिरवून देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्यानंतर या प्रश्नाचा फार चांगला अभ्यास झाला. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी आंध्र प्रदेशात पाहणी केली. तिथे मजुरी अंगठ्याच्या ठशावर चालणाऱ्या स्मार्ट कार्डातून देण्याची पद्धत आली होती आणि कोणत्या मंडलांत ती आधी न्यायची हे सोडत काढून ठरवले होते. त्यामुळे तुलना निर्मळ झाली. जिथे योजना नीट चालू लागली, तिथे लाभार्थी कुटुंबांची कमाई १४ टक्क्यांनी वाढली. आश्चर्य पुढेच आहे : या वाढीतला ८६ टक्के भाग योजनेच्या मजुरीचा नव्हता, तो बाहेरच्या खासगी कामांतून आला होता. मजुरी वाढली आणि रोजगारही वाढला. पुस्तकी हिशेबाने मजुरी वाढली की काम घटायला हवे. इथे तसे घडले नाही. शेतीबाहेरचे लहान धंदे संख्येने वाढले आणि त्यांतले कामगारही वाढले. गावातल्या माणसांच्या हातात पैसा खेळू लागला की गावात दुकान उघडते, इतकी ती साधी गोष्ट आहे. जमिनीपासून मिळणारे मालकाचे उत्पन्न मात्र घटले, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. तेव्हा कुणाचेच नुकसान झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. ज्याचा नफा मजुराच्या लाचारीवर उभा होता त्याचे झाले. ज्याचा नफा मजुराच्या खरेदीवर उभा होता त्याचे झाले नाही. व्यापारी घराण्यांत कित्येकांकडे दुकानही असते आणि जमीनही. त्यांच्या घरात हा वाद एकाच ताटावर बसून चालत असेल.

खोदलेल्या खड्ड्यांतून देशाला काय मिळाले, या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र सारखे नाही. रस्त्यांच्या बाबतीत ते बऱ्याच ठिकाणी निराश करणारे आहे. फळबागांच्या बाबतीत मात्र ते सोलापूर, नाशिक, सांगली या जिल्ह्यांतील बाजार समित्यांत डोळ्यांनी दिसते. १९९० पासून रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली. खड्डे खणण्यापासून रोपे जगवण्यापर्यंतची मजुरी योजनेतून मिळू लागली. अनुदान टप्प्याटप्प्याने, झाडे जगल्याचे पाहून. ज्या माळरानावर कुसळे उगवत, तिथे डाळिंब, बोर, सीताफळ उभे राहिले; कोकणात आंबा आणि काजू. सांगोल्याच्या डाळिंबाच्या पेट्या मुंबई-दिल्लीच्या बाजारांत जाऊ लागल्या, आणि त्यामागे अडत्ये, वाहतूकदार, खोकी बनवणारे, औषधे-खते विकणारे असा सगळा पसारा उभा राहिला. या पसाऱ्यात समाजातील कितीतरी पेढ्या आहेत. दुष्काळी मजुरीच्या पैशातून व्यापार कसा फुलतो याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधायला स्वीडनला जाण्याची गरज नाही.

यंत्रांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. हमीच्या कामावर यंत्र आणले की मजुराची रोजी जाते, म्हणून कायद्याने त्यास आडकाठी केली. दुसरीकडे भारतीय जैन संघटनेने २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील तलावांतला गाळ यंत्रांनी उपसून शेतांवर पसरवला आणि पुढे जलसंधारणाच्या कामांसाठी गावांना यंत्रे उपलब्ध करून दिली. एका उन्हाळ्यात यंत्राने जेवढा गाळ निघतो तेवढा शंभर हातांना काढता येत नाही, हे उघड आहे. ज्या वर्षी घरात दाणा नाही त्या वर्षी शंभर हातांना मजुरी लागते, हेही तितकेच उघड आहे. पाण्यासाठी यंत्र आणि पोटासाठी हजेरीपट अशी वाटणी काही गावांनी करून पाहिली आहे. ती प्रत्येक ठिकाणी जुळतेच असे नाही.

अलीकडे सुरक्षा-जाळ्याचा अर्थच बदलू लागला आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या, २१ ते ६५ वयाच्या स्त्रीच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये. वर्षाला सुमारे ४६,००० कोटींचा खर्च तेव्हा अपेक्षिला गेला होता. हा पैसाही पेठेतच येतो, आणि घरखर्चातला निर्णय स्त्रीच्या हाती येणे हा लहान लाभ नव्हे. परंतु पागे यांच्या रचनेत जी अंगभूत चाळणी होती ती येथे नाही. म्हणून पैसे वाटून झाल्यावर अपात्र नावे वगळण्यासाठी पडताळणीचा खटाटोप करावा लागला. दुसरा भेद त्याहून मोठा आहे. रोजगार हमी आणताना शासनाने कोण देणार आणि किती देणार हे आधी सांगितले होते. त्यासाठी नावानिशी कर बसवला होता. नव्या योजनेसाठी असा वेगळा कर नाही. तो पैसा सामान्य तिजोरीतून, म्हणजे शाळा, रस्ते, दवाखाने यांच्या शेजारून उचलला जातो किंवा कर्जाऊ घेतला जातो. देणाऱ्याला आपण देतो आहोत हे कळत नाही, म्हणून तो हिशेबही मागत नाही.

रोजगार हमीचा हिशेब मात्र मागता येतो. त्यासाठी गोळा होणारा कर कायद्याने नावाजलेला आहे, कोणाच्या मागणीवर किती दिवसांत काम द्यायचे हेही कायद्यात लिहिलेले आहे, आणि राज्याच्या अर्थसंकल्पात व महालेखापालांच्या अहवालांत जमा आणि खर्च दोन्ही छापले जातात. धर्मादाय संस्थेच्या वार्षिक सभेत दहा हजारांच्या किरकोळ खर्चावर तासभर प्रश्न विचारणारे विश्वस्त समाजात पुष्कळ आहेत. पन्नास वर्षे भरलेल्या व्यवसाय कराविषयी व्यापारी संघटनांच्या निवेदनांत बहुधा एकच मागणी असते : तो रद्द करावा. त्यातून किती कामे निघाली, कोणत्या तालुक्यात मागणी असूनही हजेरीपट उघडला गेला नाही, आणि उरलेली रक्कम कुठे गेली, हे विचारणारे निवेदन अजून क्वचितच कुठे दिसते.